नायिकेचं शेवटी काय होतं? अमेरिकन लेखिका वाचताना

सुझन ग्लास्पेल यांच्या 'ट्रायफल्स' या एकांकिकेत एका शेतकऱ्याचा खून झालेला आहे. रात्री झोपेत कुणीतरी गळ्याला दोर आवळून त्याला मारलंय. बायको मिनी राइट तुरुंगात आहे. दुसऱ्या दिवशी कडाक्याच्या थंडीत शेरीफ, सरकारी वकील आणि शेजारचा शेतकरी त्या घरात येतात. बायकोने खून केला असेल तर तो कशासाठी, याचा पुरावा त्यांना हवा आहे. शेरीफची आणि शेजाऱ्याची बायकोही सोबत आहे, तुरुंगातल्या बाईसाठी चार कपडे न्यायला. पुरुष स्वयंपाकघरावर नजर फिरवतात. इथे काय, नुसती भांडीकुंडी, असं म्हणून वरच्या मजल्यावर जातात. बायका खालीच थांबतात.

मग त्यांना एकेक गोष्ट दिसू लागते. टेबल अर्धंच पुसलेलं आहे. फळं टिकवून ठेवलेल्या बरण्या थंडीने फुटल्या आहेत. गोधडीसाठी जोडत आणलेले तुकडे आहेत. सगळीकडे टाके एकसारखे, पण शेवटच्या तुकड्यावरचे एकाएकी वेडेवाकडे. एक रिकामा पिंजरा आहे, त्याचं दार मोडलेलं. आणि शिवणाच्या डब्यात रेशमी कापडात गुंडाळून ठेवलेला कॅनरी पक्षी, मान मुरगळलेला. लग्नाआधी चर्चमध्ये गाणारी मिनी, माणूस फिरकत नाही असं घर, अबोल आणि कठोर नवरा, सोबतीला एक गाणारा पक्षी, आणि एक दिवस तोही मारला गेलेला. दोघींना सगळं कळतं. वरचे पुरुष जे शोधताहेत ते खाली यांच्या हातात असतं, आणि त्या तो डबा लपवतात.

ही एकांकिका १९१६ साली मॅसॅच्युसेट्समधल्या प्रोव्हिन्सटाउन इथे पहिल्यांदा झाली. शेजारणीची भूमिका ग्लास्पेल यांनी स्वतः केली होती. त्याच्या पंधराएक वर्षं आधी त्या आयोवा राज्यात वार्ताहर होत्या आणि मार्गारेट हॉसॅक या शेतकऱ्याच्या बायकोवरच्या खटल्याच्या बातम्या देत होत्या. झोपलेल्या नवऱ्याचा कुऱ्हाडीने खून केल्याचा तिच्यावर आरोप होता. निकाल देणाऱ्या ज्युरीत सगळे पुरुष होते, कारण त्या काळी आयोवात बायकांना ज्युरीवर बसताच येत नसे. १९१७ साली ग्लास्पेल यांनी याच नाट्यवस्तूची कथा केली, तिचं नाव 'अ ज्युरी ऑफ हर पीअर्स'. तिच्या बरोबरीच्यांची ज्युरी शेवटी स्वयंपाकघरातच बसली होती.

अमेरिकन लेखिकांचा अभ्यास म्हणजे काय, असं कुणी विचारलं तर मी आधी हे नाटक वाचायला सांगते. विद्यापीठातल्या अभ्यासक्रमाचं नाव ऐकून वाटतं की पुरुष लेखकांची एक यादी आहे, तिच्या शेजारी आता बायकांची दुसरी यादी पाठ करायची. तसं नाही. पुस्तकं समोरच होती, छापलेली होती, खपलेली होती. ज्यांच्या हातात निवड होती त्यांना ती वाचता आली नाहीत, कारण स्वयंपाकघरात महत्त्वाचं काही घडत नाही असं त्यांनी आधीच ठरवलेलं होतं. हा अभ्यास मुळात वाचायला शिकण्याचा आहे.

त्याची दोन टोकं आहेत. बायकांनी काय लिहिलं, हे एक. आणि साहित्यात बायकांना कोणत्या भूमिका मिळाल्या, हे दुसरं. दोन्ही एकत्र धरायला एक सोपा प्रश्न पुरतो: नायिकेचं शेवटी काय होतं? एकोणिसाव्या शतकातल्या बहुतेक कादंबऱ्यांत दोनच उत्तरं सापडतात. लग्न होतं, किंवा ती मरते. चांगली वागली तर लग्न, पाऊल घसरलं तर मरण.

हा शेवट नुसत्या कल्पनेतून आलेला नव्हता. अमेरिकेने इंग्लंडचा जुना कायदा उचलला होता. त्यानुसार लग्न झाल्यावर बाईचं कायदेशीर अस्तित्व नवऱ्यात विलीन होई. तिची मालमत्ता त्याची, तिची कमाई त्याची, तिच्या एकटीच्या नावाने करार होत नसे. न्यूयॉर्क राज्याने १८४८ साली विवाहित स्त्रीच्या मालमत्तेचा कायदा केला आणि १८६० साली तिच्या कमाईवर तिचा हक्क मान्य केला. संपूर्ण देशात मतदानाचा हक्क घटनेत यायला १९२० उजाडलं, आणि काळ्या बायकांना दक्षिणेत प्रत्यक्ष मतदान करायला त्यानंतरही दशकानुदशकं लढावं लागलं. तेव्हा कादंबरीच्या शेवटच्या पानावर लग्न लागतं, तिथे गोडव्याबरोबर एक व्यवहारही पूर्ण होत असतो. हे डोक्यात ठेवून वाचलं की तेच पान वेगळं दिसतं.

या काळातली मासिकं, प्रवचनं आणि नीतीची पुस्तकं चाळून इतिहासकार बार्बरा वेल्टर यांनी १९६६ साली एक प्रसिद्ध लेख लिहिला. आदर्श बाईकडून चार गुणांची अपेक्षा होती, असं त्यांनी दाखवलं: धर्मनिष्ठा, पावित्र्य, आज्ञाधारकपणा आणि घर सांभाळणं. हे चार गुण पाठ असू द्यावेत. पुढच्या जवळपास प्रत्येक पुस्तकात त्यांच्याशी झुंज आहे.

तीच पाच वर्षं

१९४१ साली एफ. ओ. मॅथिसन या समीक्षकाचा 'अमेरिकन रेनेसान्स' हा ग्रंथ आला. अमेरिकन साहित्याचा सुवर्णकाळ म्हणजे १८५० ते १८५५ ही वर्षं, आणि त्याचे शिल्पकार इमर्सन, थोरो, हॉथॉर्न, मेल्व्हिल आणि व्हिटमन, असं चित्र त्यातून पक्कं झालं. पाचही पुरुष. पाचही मोठे लेखक, यात वाद नाही.

पण त्याच पाच वर्षांत अमेरिकन लोक काय वाचत होते? १८५० च्या अखेरीस सुझन वॉर्नर यांची 'द वाइड, वाइड वर्ल्ड' आली आणि तिच्या आवृत्त्यांवर आवृत्त्या निघाल्या. १८५२ साली हॅरिएट बीचर स्टो यांची 'अंकल टॉम्स केबिन' पुस्तकरूपात आली आणि पहिल्याच वर्षात अमेरिकेत तिच्या सुमारे ३ लाख प्रती गेल्या. १८५४ साली मारिया कमिन्स यांची 'द लॅम्पलायटर'. त्यापाठोपाठ फॅनी फर्न यांची 'रूथ हॉल'. १८५५ च्या जानेवारीत हॉथॉर्न यांनी आपल्या प्रकाशकाला चिडून लिहिलं की या लिहिणाऱ्या बायकांच्या झुंडीने सगळी अमेरिका व्यापली आहे आणि लोकांना त्यांचा कचरा आवडतोय तोवर मला यश मिळायचं नाही.

हे वाक्य प्रत्येक अभ्यासक्रमात येतं. त्यानंतरची गोष्ट मला जास्त बोलकी वाटते. थोड्याच दिवसांत त्यांनी 'रूथ हॉल' वाचली आणि त्याच प्रकाशकाला लिहिलं की ही बाई अंगात सैतान संचारल्यासारखी लिहिते. ही त्यांनी केलेली स्तुती होती.

फॅनी फर्न हे टोपणनाव. खरं नाव सारा विलिस. पहिला नवरा वारला, पदरी मुली, वडील आणि सासरे मदतीला तयार नाहीत, दुसरं लग्न मोडलं. भाऊ स्वतः संपादक होता, त्याने तिचं लेखन छापायला नकार दिला. तिने बोस्टनच्या छोट्या पत्रांत लिहायला सुरुवात केली आणि काही वर्षांत 'न्यूयॉर्क लेजर'कडून एका स्तंभाचे १०० डॉलर घेऊ लागली. 'रूथ हॉल' ही तिचीच कहाणी. रूथ विधवा होते, उपाशी राहते, लिहू लागते, नाव कमावते, आणि पुन्हा लग्न करत नाही. कादंबरीच्या अखेरीकडे एका पानावर बँकेच्या शेअर सर्टिफिकेटची प्रतिकृतीच छापली आहे: १०० शेअर, मालक रूथ हॉल. जिथे वाचक लग्नाची वाट बघतो तिथे लेखिकेने बाईच्या नावावरचा कागद ठेवला. वर सांगितलेला कायदा आठवला की या पानाची ताकद लक्षात येते.

मग ही पुस्तकं गेली कुठे? त्या पिढीचे वाचक सरले, विसाव्या शतकात अमेरिकन साहित्य हा विद्यापीठाचा विषय बनला आणि काय शिकवायचं ते प्राध्यापकांनी ठरवलं. नीना बेम यांनी १९८१ च्या एका निबंधात याचं कारण नेमकं पकडलं. खरी अमेरिकन गोष्ट म्हणजे एकटा पुरुष समाज सोडून रानात, समुद्रावर, सीमेपलीकडे जातो, अशी समीक्षकांची व्याख्या होती. त्या गोष्टीत बाई असते ती त्याला घरात अडकवणाऱ्या समाजाचं रूप म्हणून. मग बाईने घराबद्दल लिहिलेलं पुस्तक या व्याख्येत बसणार कसं? लेखिका वाईट लिहितात म्हणून वगळल्या असं कुणाला म्हणावंच लागलं नाही. मोजायची पट्टीच त्यांना बाहेर ठेवणारी होती.

शेवट कोण ठरवतं

मराठी वाचकांना या साहित्यातली सगळ्यात ओळखीची मुलगी म्हणजे जो. शांता शेळके यांनी 'लिटिल विमेन'चा केलेला 'चौघीजणी' हा अनुवाद आपल्याकडच्या कितीतरी मुलींनी वाचला आणि जोच्या लग्नावर आपापसात भांडल्या. भांडण लुईझा मे अल्कॉट यांच्यापर्यंत आधीच पोचलं होतं. १८६८ साली पहिला भाग निघाल्यावर मुलींची पत्रं येऊ लागली: या बहिणी लग्न कुणाशी करणार? जणू बाईच्या आयुष्याचं तेवढंच ध्येय आहे, असं त्यांनी वैतागून रोजनिशीत लिहिलं आणि जोचं लग्न लॉरीशी लावणार नाही असा निश्चय केला. जोने अविवाहित लेखिका राहावं ही त्यांची इच्छा होती. पण मागणी इतकी की पूर्ण नकार देण्याचं धाडस झालं नाही. मग त्यांनी कुणाच्या ध्यानीमनी नसलेला मध्यमवयीन जर्मन प्राध्यापक आणला.

कादंबरीत जो पैशासाठी सनसनाटी कथा लिहिते आणि त्या प्राध्यापकाला असलं लेखन आवडत नाही हे कळल्यावर चुलीत घालते. अल्कॉट स्वतः मात्र 'ए. एम. बर्नार्ड' या नावाने अशाच सूडाच्या आणि कारस्थानांच्या कथा लिहून घर चालवत होत्या. ते टोपणनाव त्यांचंच, हे १९४० च्या दशकात लिओना रोस्टेनबर्ग या संशोधिकेने शोधून काढलं. जोने जाळलं ते जोच्या निर्मातीने जाळलं नव्हतं. म्हणून नायिकेचा शेवट वाचताना लेखिकेचा हिशेबही बघावा लागतो: पैसे कोण देतंय, छापणारा कोण, वाचणाऱ्याला काय हवंय.

हॅरिएट जेकब्स यांच्यापाशी हा प्रश्न फार वेगळं वळण घेतो. नॉर्थ कॅरोलायनात गुलाम म्हणून जन्मलेली ही बाई मालकाच्या वासनेपासून वाचण्यासाठी पळाली आणि आजीच्या घराच्या माळ्यावर जवळजवळ सात वर्षं लपून राहिली. जागा सुमारे ९ फूट लांब, ७ फूट रुंद, आणि उंची जिथे सगळ्यात जास्त तिथे ३ फूट. उभं राहता येत नव्हतं. हाताला लागलेल्या गिरमिटाने तिने फळीला छिद्र पाडलं आणि त्यातून खाली खेळणारी स्वतःची मुलं पाहिली. १८६१ साली तिने 'लिंडा ब्रेंट' या नावाने आत्मकथा छापली. तिच्या अखेरीस ती वाचकाला सरळ सांगते की माझी गोष्ट नेहमीप्रमाणे लग्नाने संपत नाही, स्वातंत्र्याने संपते.

चार गुणांकडे आता परत बघा. पावित्र्य राखा, असं ज्या समाजाने बायकांना बजावलं त्याच समाजाच्या कायद्याने गुलाम बाईला स्वतःच्या शरीरावर हक्क ठेवला नव्हता. मालकाला टाळण्यासाठी जेकब्स यांनी दुसऱ्या एका गोऱ्या पुरुषाशी संबंध ठेवले, आणि ते लिहिताना त्यांनी उत्तरेतल्या गोऱ्या वाचक बायकांना सांगितलं की गुलाम बाईला तुमच्या मापाने मोजू नका. हे १८६१ साली लिहायला केवढं धैर्य लागलं असेल! आणि या पुस्तकाचं पुढे काय झालं? बराच काळ अभ्यासकांनी ते काल्पनिक, गोऱ्या संपादिकेने रचलेलं ठरवलं. एक गुलाम बाई इतकं चांगलं लिहू शकेल यावर विश्वासच बसेना. जीन फेगन येलिन यांनी पत्रं आणि कागदपत्रं धुंडाळून १९८० च्या दशकात सिद्ध केलं की लेखिका जेकब्सच, आणि घटना खऱ्या.

फिलाडेल्फिया, १८८७

शार्लट पर्किन्स गिलमन यांना मुलगी झाल्यावर खोल नैराश्य आलं. १८८७ साली त्या फिलाडेल्फियाच्या डॉ. सायलस वेअर मिचेल यांच्याकडे गेल्या. देशातले नामांकित मज्जाविकारतज्ज्ञ. त्यांचा प्रसिद्ध उपचार म्हणजे सक्तीची विश्रांती: पलंगावर पडून राहणं, भरपूर खाणं, वाचन-लेखन बंद. घरी पाठवताना त्यांनी बजावलं, जमेल तितकं घरगुती आयुष्य जग, बौद्धिक काम दिवसातून दोन तासांपेक्षा जास्त नको, आणि जन्मात पुन्हा पेन, ब्रश किंवा पेन्सिलला हात लावू नकोस. गिलमन यांनी काही महिने हे पाळलं आणि वेडाच्या काठावर पोचल्या. मग त्यांनी सल्ला झुगारला, नवऱ्यापासून वेगळ्या झाल्या आणि लिहिलं.

'द यलो वॉलपेपर' ही कथा जानेवारी १८९२ मध्ये छापून आली. डॉक्टर नवरा बायकोला खिडक्यांना गज असलेल्या, माडीवरच्या खोलीत ठेवतो. तिला लिहायची बंदी. बघायला फक्त भिंतीवरचा पिवळा कागद. हळूहळू तिला त्या नक्षीच्या मागे एक बाई दिसू लागते, गज हलवणारी, बाहेर पडू पाहणारी. शेवटी ती कागद ओरबाडून काढते आणि भिंतीच्या कडेने रांगत राहते. दार उघडून आलेला नवरा चक्कर येऊन पडतो, ती त्याच्या अंगावरून रांगत पुढे जाते. लग्न नाही, मरण नाही, तिसराच शेवट. ही सुटका की कोसळणं, यावर वर्गात तासभर वाद होतो आणि व्हावाच.

याच डॉक्टरांनी १८८५ साली ओवेन विस्टर या तरुणाला तब्येतीसाठी काय सांगितलं होतं? पश्चिमेला जा, मोकळ्या हवेत राहा. तो वायोमिंगला गेला आणि पुढे 'द व्हर्जिनियन' ही गाजलेली काउबॉय कादंबरी लिहिली. पुरुषाला घोडा आणि माळरान, बाईला पलंग आणि लेखनबंदी. नीना बेम जे साहित्याबद्दल म्हणतात ते इथे औषधाच्या चिठ्ठीवर लिहिलेलं आहे.

मराठी वाचकाला हे शहर परकं वाटू नये. याच फिलाडेल्फियात मार्च १८८६ मध्ये आनंदीबाई जोशी डॉक्टर झाल्या. त्या समारंभासाठी पंडिता रमाबाई इंग्लंडहून आल्या, आणि १८८७ साली त्यांचं 'द हाय-कास्ट हिंदू वुमन' इथेच छापलं गेलं. त्याला प्रस्तावना आनंदीबाईंच्या महाविद्यालयाच्या अधिष्ठात्या रेचल बॉडली यांची. गिलमन यांना लेखणी खाली ठेवायला सांगितली गेली त्याच वर्षी, त्याच गावात एक मराठी बाई लेखणी चालवत होती. पुढे १८८९ साली रमाबाईंनी 'युनायटेड स्टेट्सची लोकस्थिती आणि प्रवासवृत्त' हे मराठी पुस्तक काढलं, त्यात अमेरिकन स्त्रियांच्या स्थितीवर स्वतंत्र प्रकरण आहे. अमेरिकन बायकांचं वाचन मराठीत एकशे तीस वर्षांहून जुनं आहे, ही गोष्ट मला अभिमानाची वाटते.

पुसलं जाणं आणि परत येणं

केट शोपॅन यांची 'द अवेकनिंग' १८९९ साली आली. दोन मुलांची आई असलेली एडना संसारातून बाहेर पडते, चित्रं काढते, प्रेम करते आणि शेवटी समुद्रात पोहत दूर निघून जाते. समीक्षकांनी झोडपलं, पुस्तक विस्मरणात गेलं. ग्रंथालयांनी त्यावर बंदी घातली अशी गोष्ट सर्रास सांगतात, तिला भक्कम पुरावा नाही. विसरून जाणंही पुरेसं असतं. १९६९ साली पेर सेयर्स्टेड या नॉर्वेच्या अभ्यासकाने त्यांचं समग्र लेखन आणि चरित्र प्रसिद्ध केलं, आणि दहा वर्षांत एडना सगळ्या विद्यापीठांत पोचली.

झोरा नील हर्स्टन यांची 'देअर आइज वेअर वॉचिंग गॉड' १९३७ सालची. जेनी तीन लग्नं करते, तिसऱ्या नवऱ्याच्या मृत्यूनंतर गावी परतते आणि मागच्या पायरीवर बसून मैत्रिणीला सगळं सांगते. लग्नानंतरही गोष्ट उरते आणि ती बाई स्वतः सांगते, हा या पुस्तकाचा शेवट. रिचर्ड राइट या मोठ्या काळ्या लेखकाने तेव्हा लिहिलं की यात ना विषय, ना विचार. १९६० साली हर्स्टन फ्लोरिडात गरिबीत वारल्या, थडग्यावर दगडही नव्हता. १९७३ साली अ‍ॅलिस वॉकर गवतातून ती जागा शोधत गेल्या आणि त्यांनी तिथे दगड बसवला.

पुन्हा शोधलं म्हणून सगळं निर्दोष ठरत नाही, हेही या अभ्यासात शिकवतात. गिलमन यांचे वंशाबद्दलचे विचार आज वाचवत नाहीत. सुरुवातीच्या स्त्रीवादी समीक्षेत 'बाई' म्हणजे बहुतेकदा गोरी, शिकलेली बाई होती. बार्बरा स्मिथ यांनी १९७७ साली हे ठणकावून सांगितलं. त्याच दशकात टोनी मॉरिसन, मॅक्सीन हाँग किंग्स्टन, लेस्ली मार्मन सिल्को लिहीत होत्या आणि घर, आई, लग्न या शब्दांमागचा अनुभव किती वेगवेगळा असतो ते दाखवत होत्या.

सुरुवात करायची असेल तर 'ट्रायफल्स' आणि 'द यलो वॉलपेपर' घ्या. दोन्ही मिळून एका संध्याकाळी वाचून होतात आणि इंटरनेटवर मोफत मिळतात. मग जेकब्स. एमिली डिकिन्सन वाचताना मात्र प्रत कोणती ते बघा. त्यांच्या जवळपास १,८०० कवितांपैकी दहाएकच त्यांच्या हयातीत छापल्या गेल्या. १८९० साली, त्या गेल्यानंतर चार वर्षांनी, पहिला संग्रह आला तेव्हा संपादकांनी कवितांना शीर्षकं दिली, यमकं सारखी केली आणि त्यांच्या खास आडव्या रेघा काढून साधी विरामचिन्हं घातली. कविता मुळात होत्या तशा छापायला १९५५ साल उजाडलं. मोफत मिळणाऱ्या प्रती बहुतेक त्या जुन्या, दुरुस्त केलेल्या संग्रहांच्या असतात. थॉमस जॉन्सन किंवा राल्फ फ्रँकलिन यांनी संपादित केलेली आवृत्ती मागा.